चिलापीचा गळ बांधताना: पाच गाठी, तीन जोडण्या

सोलापूरकडे उजनीच्या बॅकवॉटरला किंवा हिप्परग्याच्या तलावावर मासा गळावरून निसटला की आधी काठीला दोष मिळतो, मग तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, मग नशिबाला. तुटलेले टोक हातात घेऊन नीट पाहणारे थोडे. पाहिले तर बहुतेक वेळा गाठच दगा देऊन गेलेली दिसते. पाच किलो ताण सोसणारा तंगूस घ्यायचा आणि साध्या गाठीने गळाला बांधायचा, म्हणजे त्याची ताकद जवळपास निम्म्यावर आणून ठेवायची. त्यात ती गाठ कोरडी आवळली असेल तर निम्मीही उरत नाही.

खालची माहिती चिलापी डोळ्यासमोर ठेवून दिली आहे. चिलापी म्हणजे तिलापिया. मोझांबिक तिलापिया आपल्या देशात १९५२ साली बाहेरून आणला गेला आणि आज भीमेच्या पट्ट्यात तो घरचाच झाला आहे. तोंड लहान, आमिष टिपायची पद्धत हळू आणि संशयी, पण गळ लागल्यावर जोर अंगाच्या मानाने बराच. त्यामुळे बारीक तंगूस, लहान गळ आणि हलके शिसे लागते, आणि बारीक तंगुसात गाठीची चूक लगेच भोवते. याच गाठींवर रोहू, मृगळही निघतात, फक्त तंगूस आणि गळ एक पायरी जाड घ्यायचा.

काठावर बसण्याआधी एक चौकशी करा. तलावातल्या मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. हौशी गळाला बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, पण विचारून बसलेले बरे.

सामान

तंगूस: नुसत्या बांबूच्या काठीला ०.२० ते ०.२५ मि.मी. पुरतो. रीळ असेल तर मुख्य दोरी ०.२८ ते ०.३० मि.मी. आणि गळाकडचा शेवटचा तुकडा ०.२० ते ०.२२ मि.मी. हा तुकडा मुद्दाम कमजोर ठेवायचा असतो. गळ बाभळीच्या खुंटात अडकला तर तेवढाच जातो, फ्लोट (पाण्यावर तरंगून मासा लागल्याची खूण देणारी कांडी) आणि शिसे परत येते. नायलॉनला उन्हाचे वावडे आहे. दुकानाच्या दर्शनी काचेत महिनोन्महिने लटकलेले बंडल स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, आणि आपले बंडल गाडीच्या डिकीत ठेवून मे महिना काढू नका. जुना तंगूस चिमटीतून ओढून पाहा. खरखर लागली, पांढुरका दिसला किंवा स्प्रिंगसारखा वळत राहिला तर तेवढा कापून टाका.

गळ: ८ ते १० नंबर. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे नव्या माणसाला दुकानात नेहमी उलटे वाटते. कंपनीगणिक नंबरात थोडा फरक पडतो, म्हणून नंबरापेक्षा डोळ्याने पाहून घ्या: टोक आणि दांडी यांच्यामध्ये हरभऱ्याचा दाणा जेमतेम बसावा. मोठा गळ लावला की चिलापी कडेने आमिष कुरतडून नेते आणि फ्लोट नुसता नाचत राहतो. टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवा. रुतले तर धार आहे, घसरले तर नाही.

गळाचे डोके दोन प्रकारचे येते. एकाला सुईसारखे नेढे असते, दुसऱ्याचे डोके नुसते चपटे असते. दोघांची गाठ वेगळी. चपट्या डोक्याच्या गळाला नेढ्याची गाठ मारली की ती पहिल्याच झटक्याला डोक्यावरून सरकून निघते.

बाकी सामानात चीर दिलेले शिशाचे छर्रे, दोन-चार लहान मणी, १२ किंवा १४ नंबरचे स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती दुहेरी कडी), सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा बोटभर तुकडा, छोटी पक्कड आणि नेलकटर. छर्रे दातांनी दाबायची सवय फार जणांना आहे. शिसे विषारी असते. पक्कड वापरा आणि जेवणाचा डबा उघडण्याआधी हात धुवा.

गाठ आवळण्याची रीत

कुठलीही गाठ असो, आवळण्याआधी ती पाण्याने ओली करा. तंगूस तंगुसावर कोरडा घासला की उष्णता तयार होते आणि त्या जागी तो आतून जळतो. वरून काही दिसत नाही. फार तर गाठीजवळचे दोन-तीन मि.मी. किंचित दुधाळ होतात. तेवढे दिसले तरी ती गाठ कापून नवी मारा. ओली केल्यावर झटका न देता एका दमात, सावकाश ओढा. वेढे एकमेकांशेजारी ओळीने बसले पाहिजेत. एकावर एक चढले असतील तर वरचा वेढा खालच्याला कापतो.

मोकळे टोक अगदी मुळापासून कापू नका. दोन ते तीन मि.मी. ठेवा, पहिल्या माशाच्या ताणावर गाठ थोडी आणखी बसते आणि तेवढे टोक आत खेचले जाते.

नेढ्याच्या गळासाठी क्लिंच गाठ

जगभर चालते ती सुधारित क्लिंच. तंगुसाचे टोक नेढ्यातून ओवून १५ सें.मी. बाहेर काढा. ते मागे वळवून मुख्य दोरीभोवती वेढे द्या: ०.२० मि.मी.ला सहा, ०.२५ ते ०.३० ला पाच, ०.४० ला चार. वेढे देताना नेढ्याजवळचा पहिला छोटा फास बोटाच्या नखाने उघडा धरून ठेवा, नाहीतर पुढे तो सापडत नाही. आता मोकळे टोक त्या छोट्या फासातून काढा. तसे करताना एक मोठा फास तयार होतो. टोक त्यातूनही परत काढा. ओली करा. मोकळे टोक ओठात किंवा चिमटीत हलके धरून मुख्य दोरी ओढा. वेढे गोळा होत नेढ्यावर येऊन बसतील.

ही गाठ बिघडते ती तीन ठिकाणी. वेढे चारपेक्षा कमी पडले की बारीक तंगूस सरकतो. शेवटचा मोठा फास विसरला तर ती साधी क्लिंच राहते आणि मोठ्या माशाच्या लांब ओढीत हळूहळू उलगडते. आणि ०.४० च्या वर तंगूस जाड असला तर वेढे नीट बसतच नाहीत, तिथे पुढची गाठ घ्या.

पालोमर

अंधारात, बोटे ओली असताना किंवा विणलेल्या दोरीला हीच बरी. १५ सें.मी. तंगूस दुहेरी करा आणि दुहेरीच नेढ्यातून ओवा. आता त्या दुहेरी दोरीची साधी सैल गाठ मारा, गळ खाली लोंबता ठेवून. राहिलेल्या फासातून अख्खा गळ बाहेर काढा. ओली करा, फास गळाच्या दांडीवरून वर नेढ्यापलीकडे सरकला आहे ना पाहा, आणि मुख्य दोरी व मोकळे टोक दोन्ही एकत्र धरून ओढा.

यात चूक एकच होते: दुहेरी दोरीच्या दोन लडी एकमेकींना ओलांडतात. मग ताण एकीवरच येतो आणि मजबूत म्हणून मारलेली गाठ क्लिंचपेक्षा आधी जाते. फ्लोट आणि शिसे आधीच ओवून ठेवले असतील तरी अडचण नाही, फास गळावरून काढायचा आहे, शिशावरून नव्हे. मात्र १० नंबरच्या बारीक नेढ्यात दुहेरी तंगूस जात नसेल तर झटापट करू नका, क्लिंच मारा.

चपट्या डोक्याच्या गळाची गाठ

गळ डाव्या हातात धरा, वाक डावीकडे, चपटे डोके उजवीकडे, टोक वर. तंगुसाच्या टोकाकडचा २० सें.मी. भाग दुमडून त्याचा लांबट फास करा आणि तो दांडीला समांतर ठेवा, फासाचे बंद तोंड वाकाकडे. मोकळे टोक डोक्याकडून सुरुवात करून वाकाच्या दिशेने दांडी आणि फास दोन्हींवर गुंडाळा, सात-आठ वेढे, एकाला एक चिकटून. वेढे चिमटीत घट्ट दाबून ठेवत मोकळे टोक फासाच्या बंद तोंडातून ओवा. आता चिमूट न सोडता मुख्य दोरी सावकाश ओढा. फास आखडत जाऊन टोक वेढ्यांखाली पकडला जाईल. ओली करा, वेढे वर सरकवून डोक्याला टेकवा आणि दोन्हीकडून आवळा.

शेवटी एक गोष्ट तपासायचीच: दोरी डोक्याच्या आतल्या, म्हणजे गळाच्या टोकाकडच्या अंगाने बाहेर पडली पाहिजे. मागच्या बाजूने पडली तर झटका दिल्यावर गळ उलटा फिरतो आणि तोंडात रुतत नाही. शिवाय डोक्याची धार तंगुसाला घासते. पहिल्या चार-पाच प्रयत्नांत वेढे बोटातून निसटणार, ते धरूनच चाला. घरी पंख्याखाली नको, दार लावून शांत बसून शिका.

फासाची गाठ

गळाचा तुकडा मुख्य दोरीला जोडायला दोन्हीकडे फास लागतात. १० सें.मी. दोरी दुहेरी करा, तिची साधी गाठ मारा, पण आवळण्याआधी फासाचे तोंड त्याच भोकातून आणखी एकदा काढा. ओली करून चारही लडी समान ओढा. फास दोन-तीन सें.मी.चा ठेवा. याला सर्जन लूप म्हणतात.

दोन फास जोडताना मुख्य दोरीचा फास गळाच्या फासातून ओवा, मग गळ मुख्य फासातून काढा आणि ओढा. दोन्ही फास एकमेकांत हात गुंफल्यासारखे बसले पाहिजेत. एक फास दुसऱ्यावर दुमडून गच्च गुंडाळला गेला तर तो करवतीसारखा काम करतो. असे झाले तर सैल करून बोटाने सरळ करा. ओढून नीट होईल म्हणून ओढत बसू नका.

पाचवी गाठ अडथळ्याची, ती सरकत्या फ्लोटच्या वेळी येईल.

गाठीची परीक्षा

गळ खिडकीच्या गजात किंवा झुलत्या वजनकाट्याच्या कडीत अडकवा, दोरी फडक्यात गुंडाळून धरा आणि ताण वाढवत जा. उघड्या हाताला तंगूस गुंडाळू नका, तो मांसात शिरतो. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण तुटला की गळ उलटा येतो. काटा असेल तर तंगुसावर छापलेल्या आकड्याच्या तीन चतुर्थांश तरी ताण गाठीने सोसला पाहिजे.

तलावावर मासा गेला की तुटलेले टोक वाचा. डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असेल तर गाठ तुटली नाही, उलगडली. वेढे कमी पडले किंवा नीट आवळले नव्हते. टोक सरळ, आखूड आणि चपटे असेल तर गाठीतच जळून तुटले, कोरडे आवळले. टोकाच्या वरचा हातभर भाग खरखरीत लागत असेल तर दगडाने किंवा खुंटाने घासला. गाठीला बोल लावू नका. टोक गळापासून बरेच वर, मधेच तुटले असेल तर वाऱ्याने पडलेली एखादी बारीक गाठ दोरीत होती. अशी गाठ दिसली की सोडवत बसण्यापेक्षा तिथून कापून पुन्हा जोडा. आवळलेली असेल तर सोडवूनही तिथली ताकद परत येत नाही.

पहिली जोडणी: बांबूची काठी आणि स्थिर फ्लोट

सोलापूरच्या पाण्यावर सुरुवातीला हीच. कमी सामान, कमी गुंता, आणि काठालगतच्या एक ते दीड मीटर पाण्यातच चिलापी बरीच मिळते.

काठी १० ते १२ फुटांची, वाळलेली, शेंड्याला करंगळीपेक्षा बारीक. तंगूस फक्त शेंड्याला बांधू नका. काठीच्या मध्यावर एका पेरावर बांधा, तिथून काठीला दोन-तीन सैल पीळ देत शेंड्यापर्यंत न्या आणि शेंड्यावर पुन्हा बांधा. शेंडा मोडला तरी मासा काठीच्या उरलेल्या अर्ध्या भागाला राहतो. शेंड्यापासून गळापर्यंतची दोरी काठीच्या लांबीइतकी किंवा वीतभर कमी. जास्त ठेवली तर मासा वर उचलल्यावर हाताशी येत नाही, डोक्यावरून मागे जातो.

फ्लोट विकत मिळतो, पण कडब्याच्या ताटाचाही चांगला होतो. वाळलेल्या ज्वारीच्या धांड्याचे पेन्सिलीएवढे जाड कांडे घ्या, सात-आठ सें.मी. कापा, साल राहू द्या. दोन्ही उघडी तोंडे मेणाने किंवा नेलपॉलिशने बंद करा, नाहीतर आतला भेंडा तासाभरात पाणी पितो आणि फ्लोट बुडत जातो. वरचा एक सें.मी. लाल किंवा केशरी रंगवा. व्हॉल्व्ह ट्यूबचे अर्धा सें.मी.चे दोन तुकडे तंगुसात ओवा आणि त्यात फ्लोटची दोन्ही टोके खोचा. दोन ट्यूब का, तर एकच लावली की वाऱ्यात फ्लोट दोरीभोवती गरगर फिरतो. ट्यूबमुळे खोली बदलायला फ्लोट वर-खाली सरकवता येतो, गाठ सोडावी लागत नाही.

क्रम वरून खाली असा: मुख्य दोरी ०.२५, तिच्यावर दोन ट्यूबमधला फ्लोट, मग दोन छर्रे जवळजवळ, मग दोरीच्या टोकाला फास. त्या फासात ३० सें.मी.चा ०.२० चा तुकडा, त्याच्या टोकाला ८ किंवा १० नंबरचा गळ. एक सगळ्यांत लहान छर्रा गळापासून १५ सें.मी. वर. दोन मोठे छर्रे फासाच्या अगदी वर, म्हणजे गळापासून ४० सें.मी.च्या आसपास बसतील. छर्रा दाबताना इतकाच दाबा की बोटाने जोर लावून सरकेल. गच्च चिमटला तर तंगूस तिथे चपटा होतो आणि गाठ उत्तम असूनही छर्ऱ्यापाशी तुटतो.

आता शिशाचे माप, जिथे बहुतेकांची घाई होते. पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येत असल्याने सोलापुरात घरोघरी भरलेले पिंप असतेच. फ्लोट त्यातच तोलून घ्या. फ्लोट उभा राहून फक्त रंगवलेला एक सें.मी. वर दिसला पाहिजे. अर्धा फ्लोट पाण्याबाहेर राहत असेल तर छर्रा वाढवा. चिलापी आमिष तोंडात ओढून घेताना जड फ्लोट खाली न्यायला जोर लागला की ती तत्क्षणी थुंकून टाकते. काठावर तुम्हाला तेवढ्यात फक्त एक थरथर दिसते आणि वाटते, बारकी मासळी आहे.

तलावावर गेल्यावर आधी खोली पाहा. गळाला एखादा मोठा छर्रा किंवा लहान नट तात्पुरता अडकवून टाका. फ्लोट पूर्ण बुडाला तर खोली जास्त आहे, फ्लोट वर सरकवा. आडवा पडला तर खोली कमी, खाली सरकवा. रंगीत टोक पाण्याच्या बरोबरीला आले की गळ तळाला टेकला. वजन काढून फ्लोट पाच-सात सें.मी. खाली घ्या, म्हणजे आमिष तळाच्या किंचित वर राहील. वारा सुटला आणि फ्लोट वाहू लागला तर उलट करा: १० ते १५ सें.मी. वर सरकवा, म्हणजे खालचा छर्रा तळाला घासून वाहणे रोखतो. उजनीत उन्हाळ्यात पाणी भराभर मागे हटते. कालची खोली आज धरू नका, रोज मोजा.

आमिषाला गांडुळाचा दोन सें.मी.चा तुकडा, टोक किंचित उघडे ठेवून. नाहीतर कणीक: एक वाटी कणकेत पाव वाटी बारीक केलेली शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर सुटा कापूस पिंजून, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. कापसाच्या तंतूंमुळे गोळी गळावर टिकते. गोळी हरभऱ्याएवढी, त्याहून मोठी नाही.

फ्लोट कसा हलतो ते ओळखायला शिका. सरळ खाली गेला किंवा तिरका चालू लागला तर मनगटाने छोटा झटका द्या. फ्लोट वर उचलून आडवा पडला तरीही द्या: चिलापीने आमिष उचलले, त्याबरोबर खालचा छर्राही उचलला गेला, म्हणून फ्लोटवरचा भार हलका झाला. हा इशारा नवखे हमखास सोडून देतात. झटका म्हणजे खांद्यापासून काठी भिरकावणे नव्हे. तसे केले की बारीक तंगूस गाठीत तुटतो किंवा मासा मागच्या बाभळीत जाऊन लटकतो.

मासा काढताना पाठीवरचे काटे पुढून मागे हात फिरवून दाबत धरा. उलटा हात गेला तर तळहात सोलवटतो.

दुसरी जोडणी: सरकता फ्लोट

पाणी काठीच्या लांबीपेक्षा खोल असेल आणि रीळ असेल तेव्हा. स्थिर फ्लोट तीन मीटरवर बांधला तर दोरी काठीच्या कड्यांतून आत येत नाही आणि फेकताही येत नाही. सरकत्या फ्लोटमध्ये दोरीवर एक अडथळ्याची गाठ असते; ती कड्यांतून रिळात जाते, फेकल्यावर फ्लोट तिच्यापाशी येऊन थांबतो.

अडथळ्याला जाडसर सुती दोरा लागतो, आणि चादरीच्या गावात त्याला तोटा नाही. २० सें.मी. दोरा मुख्य दोरीला समांतर ठेवा. एक टोक मागे वळवून फास करा. त्या टोकाने फासाच्या आतून, मुख्य दोरी आणि दोरा दोन्हींभोवती पाच वेढे द्या. ओली करून दोन्ही टोके विरुद्ध दिशांना ओढा. शेपट्या दीड सें.मी. ठेवा, अगदी आखूड कापल्या की त्या ताठ होऊन कड्यांत अडकतात. गाठ बोटाने जोर लावल्यावर सरकावी, नुसत्या फ्लोटच्या धक्क्याने सरकू नये.

ओवण्याचा क्रम: अडथळ्याची गाठ, मणी, मधून भोक असलेला फ्लोट, तीन ते पाच ग्रॅमचे लांबट भोकाचे शिसे, आणखी एक मणी, स्विव्हल. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला ०.२० चा ४० सें.मी. तुकडा, टोकाला गळ. तुकड्याच्या मध्यावर एक लहान छर्रा. स्विव्हलला दोन्हीकडे क्लिंच चालते. पहिला मणी विसरला तर फ्लोट अडथळ्यावरून सरळ निघून जातो आणि गळ तळाच्या गाळात जाऊन पडतो. मण्याचे भोक गाठीपेक्षा लहान आणि मणी फ्लोटच्या भोकापेक्षा मोठा, एवढे जमले की बाकी आपोआप चालते. शिशाखालचा मणी स्विव्हलच्या गाठीला शिशाच्या आदळण्यापासून वाचवतो.

फेकल्यावर लगेच दोरी ताणू नका. फ्लोट आडवा पडून राहील, शिसे दोरी खेचत खाली जाईल, मग तो उभा राहील. दहा-पंधरा सेकंदांत उभा राहिला नाही तर शिसे तळाला टेकले आहे. अडथळा गळाच्या दिशेने घ्या.

तिसरी जोडणी: तळाची

मृगळ, शिंगाडा, वाम या माशांसाठी, किंवा वारा इतका की फ्लोट दिसतच नाही तेव्हा. मुख्य दोरी ०.३०, तिच्यात १५ ते २० ग्रॅमचे भोकाचे शिसे सुटे ओवा, मणी, स्विव्हल, मग ०.२५ चा ५० सें.मी. तुकडा आणि ६ नंबरचा गळ. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही.

धरणात बुडालेल्या जुन्या झाडांच्या खुंटांत हे शिसे फार अडकते. तिथे शिशाऐवजी हार्डवेअरमधला नट वापरा आणि तो स्विव्हलच्या वरच्या कडीला वेगळ्या, मुख्य दोरीच्या निम्म्या ताकदीच्या १५ सें.मी. तंगुसाने बांधा. अडकला तर नटच तुटून राहतो, माशासकट बाकी जोडणी सुटते. अडकलेली दोरी काठी वाकवून सोडवायला जाऊ नका, शेंडा मोडतो. काठी सरळ पाण्याकडे रोखा, रिळाचे चाक बोटाने दाबा आणि मागे चालत जा.

भीमेच्या पात्रात खडकावर बसून ही जोडणी टाकणाऱ्यांनी उजनीतून पाणी सोडण्याच्या दिवसांवर लक्ष ठेवावे. कोरड्या पात्रात पाणी चढते तेव्हा मागचा रस्ता आधी बंद होतो.

गाठ किती वेळ चालवायची

चार-पाच मासे निघाले किंवा एकदा गळ अडकून जोर लावावा लागला की शेवटचा वीतभर तंगूस बोटातून ओढून पाहा आणि गाठ नव्याने मारा. हिप्परग्याचा तलाव १८७१ सालचा, बांधाकडच्या बाजूला दगड. तिथे तर दर माशामागे पाहा. कापलेले तुकडे खिशात ठेवा, काठावर टाकू नका. हिवाळ्यात उजनीला रोहित पक्षी येतात आणि पडलेला तंगूस त्यांच्या पायांत अडकतो.

गळ बांधलेले तुकडे घरीच करून न्यावेत, काठावर वाऱ्यात चपट्या डोक्याची गाठ मारणे जिवावर येते. थर्माकोलची वीतभर पट्टी घ्या, एका कडेला खाचा पाडा, फास खाचेत अडकवून तुकडा गुंडाळा आणि गळाचे टोक थर्माकोलमध्ये खुपसा. पट्टीवर पेनाने तंगुसाची जाडी आणि गळाचा नंबर लिहा. परत आल्यावर वापरलेले गळ गोड्या पाण्यात धुऊन कोरडे पुसून मगच खुपसा, ओलेच ठेवले तर पुढच्या रविवारी गंजलेले टोक सापडेल.